चंदनदासाचा नकार

राजकारणात कुणी कुणाचा मित्र नसतो, हे चाणक्य केव्हाच सांगून गेलाय, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. निवडणुकीच्या हंगामात वाहिन्यांवर म्हटलं जातं, विक्री प्रतिनिधींच्या प्रशिक्षणात म्हटलं जातं, आणि सकाळी दात घासायच्या आत मोबाइलवर येऊन पडणाऱ्या सुविचारांत तर रोजच. कुठे सांगून गेलाय, असं विचारलं की थोडी चुळबुळ होते. मग कुणीतरी 'मुद्राराक्षस'चं नाव घेतं.

ज्यांनी ते नाटक उघडूनही पाहिलेलं नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते वाचलेल्यांशी. कारण चांगले वाचलेले, शिकलेले, क्वचित शिकवणारे लोकही जरा घोटीव भाषेत तेच बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. विशाखदत्ताचं हे नाटक म्हणजे निव्वळ बुद्धिबळाचा पट. शृंगार नाही, विदूषक नाही, नायिका नाही; आहेत ते हेर, बनावट पत्रं आणि विषप्रयोग. त्यात मैत्री आहे, पण ती प्याद्यासारखी. अमात्य राक्षसाची दुखरी नस म्हणजे त्याचा मित्र चंदनदास. चाणक्याने ती हेरली आणि दाबली. राक्षस भावनेच्या भरात धावत आला आणि सापडला. चंदनदास भला माणूस, पण भाबडा. आणि त्याचा तो गाजलेला त्यागही शेवटी लटकाच, कारण सुळावर न्यायला आलेले जल्लाद चाणक्याचेच हेर होते. तात्पर्य, मित्र ठेवला की माणूस पकडला जातो.

या मांडणीतलं प्रत्येक वाक्य नाटकातूनच खोडता येतं. शिवाय खोडताना बाहेरच्या कुणाची साक्ष काढावी लागत नाही. खुद्द चाणक्यच साक्षीला उभा राहतो.

विशाखदत्ताच्या काळाबद्दल विद्वानांचं एकमत नाही. कुणी त्याला गुप्तकाळात बसवतात, कुणी चार-पाच शतकं अलीकडे ओढतात. मराठी माणसाचा या नाटकाशी संबंध मात्र जुना आहे. त्यावरची ढुंढिराजाची प्रसिद्ध टीका अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात लिहिली गेली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी 1884 मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत त्याची आवृत्ती काढली. पुढे मोरेश्वर रामचंद्र काळ्यांच्या आवृत्तीवर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या. इतकं सगळं असून चाणक्य आपल्या डोक्यात आला तो 1991 साली दूरदर्शनवर, मोकळी शेंडी आणि जळजळीत डोळे घेऊन. राक्षस थोडाबहुत लक्षात राहिला. चंदनदास कुणाच्याच लक्षात नाही.

तेव्हा त्याच्यापासूनच सुरुवात करू. नंदांचा नाश झाला आहे, पाटलिपुत्रात चंद्रगुप्त गादीवर आहे. नंदांचा अमात्य राक्षस सूड घ्यायला शहराबाहेर पडला आहे आणि जाताना बायको-मुलाला मित्राच्या घरी ठेवून गेला आहे. हा मित्र चंदनदास, जवाहिऱ्यांच्या पेठेचा श्रेष्ठी. चाणक्याचा एक हेर यमाची चित्रं दाखवत, गाणी म्हणत त्याच्या घरात शिरतो. पाचेक वर्षांचं एक पोर कुतूहलाने दाराबाहेर डोकावतं, आतल्या बायकांची एकच धांदल उडते, एक बाई त्याला घाईघाईने आत ओढते, आणि त्या ओढाताणीत तिच्या बोटातली अंगठी निसटून घरंगळत हेराच्या पायाशी येऊन पडते. अंगठी पुरुषाच्या बोटाच्या मापाची, म्हणून सैल. ती राक्षसाची मुद्रा. एका लहान मुलाच्या उत्सुकतेवर अख्खं राजकारण फिरवणारा नाटककार रुक्ष, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वाचला तरी कसा, याचं मला नवल वाटतं.

त्यानंतर चाणक्य चंदनदासाला बोलावून घेतो. ही भेट पहिल्या अंकातला सगळ्यात बारीक विणलेला भाग आहे. चाणक्य त्याला आसन देतो. चंदनदास कचरतो, जमिनीवरच बसायला बघतो; एवढा मान मिळतोय म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, हे त्याच्या व्यापारी नाकाला लगेच कळलेलं असतं. चाणक्य आग्रह करून बसवतो आणि धंद्याची चौकशी करतो. नफा वाढतोय ना? नव्या राजामुळे लोकांना जुने राजे आठवत नाहीत ना? चंदनदास कानावर हात ठेवतो. मग राजाचीही तुमच्याकडून काही अपेक्षा आहे, असं चाणक्य म्हणताच हा गृहस्थ सरळ विचारतो, किती रक्कम हवी? त्याला वाटतं वसुली आहे. तेवढ्यावर सुटका होणार असेल तर तो थैली मोकळी करायला तयार आहे.

पण चाणक्याला पैसा नको असतो. राक्षसाचं कुटुंब हवं असतं. आणि इथे चंदनदास खोटं बोलायला लागतो, तेही फार वाईट. आधी म्हणतो, भलतंच काय, कुणीतरी तुम्हाला खोटं सांगितलं. मग म्हणतो, तेव्हा होतं. चाणक्य विसंगतीवर बोट ठेवतो. चंदनदास म्हणतो, बोलण्यात चूक झाली. आता कुठे आहे? ठाऊक नाही. आयुष्य बाजारात गेलेला हा माणूस, पण थाप पचवता येत नाही. मध्येच बाहेर आरडाओरडा होतो: राक्षसाच्या एका मित्राला हद्दपार केलं, दुसऱ्याला सुळावर नेतायत. चाणक्य प्रत्येक वेळी समजावतो की बघा, राजा विरोधकांना कशी शिक्षा देतो ते. आणि त्या क्षणी चंदनदासाची ततपप थांबते. तो म्हणतो, घाबरवता कशाला? ते कुटुंब माझ्या घरात असतं तरी मी दिलं नसतं. नाहीच, तर देण्याचा प्रश्न कुठे येतो? हाच निश्चय? हाच.

'अर्थशास्त्रा'त अमात्यांची पारख करायला चार कसोट्या सांगितल्या आहेत: धर्म, अर्थ, काम आणि भय. त्यातल्या दोन इथे रंगमंचावर लावल्या गेल्या, आधी लाभाची, नंतर भयाची. चंदनदास अमात्य नाही, पदाचा उमेदवार नाही. तरी दोन्हींतून पार पडतो. आणि परीक्षा घेणारा मनातल्या मनात त्याला शाबासकी देतो. शिबी राजाशिवाय दुसऱ्या कुणाला हे जमलं असतं, असं चाणक्य स्वगत म्हणतो. त्यानंतरच वरकरणी रागावून त्याची मालमत्ता जप्त करायला आणि त्याला बायको-मुलासकट डांबायला सांगतो.

आता ज्यावर माझा सगळा दावा उभा आहे ती जागा. चंदनदासाला नेल्यावर चाणक्य आनंदून स्वतःशी म्हणतो की आता राक्षस हाती लागला. कशावरून? तर हा जसा त्याच्यासाठी जिवावर उदार झाला, तसा याच्या संकटात तोही जीव प्यारा मानणार नाही. हे पहिल्या अंकाच्या शेवटाकडे. अजून सहा अंक व्हायचे आहेत. राक्षस ज्याच्याकडे राहतो आहे त्या मलयकेतूच्या हाती बनावट पत्र पडायचं आहे, कौमुदी महोत्सवावरून चंद्रगुप्त-चाणक्यांचं लुटुपुटीचं भांडण व्हायचं आहे, दागिन्यांचा घोळ व्हायचा आहे. या साऱ्या उपद्व्यापांनी राक्षस एकटा पडतो, एवढंच. तो हाती लागतो ते वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण चाणक्याने इथेच सांगून ठेवलं आहे.

राजकारणात मैत्री नसते असं चाणक्याचं मत असतं, तर चंदनदासाच्या नकारावर तो हसला असता. किंवा त्याने किंमत वाढवली असती, कारण मैत्रीवर विश्वास नसलेल्या माणसाला नकार म्हणजे घासाघीस वाटते. चाणक्य तसं काही करत नाही. एका सराफाच्या शब्दाला तो बावनकशी धरतो आणि दुसरा माणूस, जो तेव्हा शेकडो कोस दूर शत्रूच्या छावणीत आहे, तोही तसाच वागेल हे गृहीत धरून पुढचा सगळा डाव मांडतो. ज्याला आपण शंकेखोरांचा शिरोमणी समजतो, त्याने आपलं सगळ्यात मोठं काम शत्रूच्या सचोटीवर टाकलं आहे.

आणि या नाटकात काय काय बनावट आहे ते जरा आठवा. पत्र बनावट. ते लिहिणाऱ्या शकटदासाला वधस्तंभावरून सोडवून आणणारा सिद्धार्थक हा बनावट तारणहार. राक्षसाचा जिवलग म्हणून वावरणारा क्षपणक जीवसिद्धी हा चाणक्याचाच माणूस. राजा-मंत्र्याचं भांडण बनावट. मलयकेतूचा विश्वासू भागुरायणही चाणक्याने पेरलेला. हवं ते खोटं पाडून घ्यायची टांकसाळच चाणक्याकडे आहे. फक्त चंदनदासाचा नकार त्याला बनवता आला नाही. तो खराच मिळावा लागला.

भागुरायणाचा उल्लेख आलाच आहे तर दोन शब्द त्याच्यावरही. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला तो अस्वस्थ होतो: हा मलयकेतू आपल्यावर इतकी माया करतो आणि त्यालाच फसवायचं, अवघड आहे. मग स्वतःची समजूत घालतो की पैशासाठी एकदा अंग विकल्यावर बऱ्यावाईटाचा विचार करून उपयोग काय. तिकडे जल्लादाच्या वेशात जायला निघालेला समिद्धार्थक तक्रार करतो, या क्रूर कामाला चाणक्याला दुसरं कुणी मिळालं नाही का? सिद्धार्थकाचं उत्तर: जगायची इच्छा असलेला कोण चाणक्याची आज्ञा मोडेल? म्हणजे एक जण पैशाला बांधलेला, दुसरे दोघे भीतीला. चाणक्याची माणसं अर्थ आणि भय या दोन दोऱ्यांनी चालतात, आणि नेमक्या त्याच दोन दोऱ्या चंदनदासावर चालल्या नाहीत. विशाखदत्ताने हे शेजारी शेजारी मांडून ठेवलं आहे, भाष्य न करता. तरीही त्याच्या नाटकात मैत्री म्हणजे प्यादं?

आता राक्षसाच्या 'भावनेच्या भरा'कडे. सहाव्या अंकात तो पाटलिपुत्राजवळच्या एका पडीक बागेत येतो. मलयकेतूने त्याला हाकलून दिलंय, सगळं हरलंय. तिथे एक माणूस दोर घेऊन फाशी घ्यायच्या तयारीत दिसतो. राक्षस कारण विचारतो. तो सांगतो, माझा मित्र जिष्णुदास अग्निप्रवेश करायला गेलाय, त्याचं मरण कानावर यायच्या आत मला मरायचंय. जिष्णुदास का मरतोय? कारण त्याचा मित्र चंदनदास सुळावर चाललाय. जिष्णुदासाने आपली सगळी दौलत देऊ केली, राजाने घेतली नाही. चंदनदास का? कारण तो राक्षसाचं कुटुंब देत नाही. अर्थात दोरवाला चाणक्याने पाठवलेला. पण गळाला आमिष कसलं लावलंय बघा! सोनं नाही, राज्य नाही, बाई नाही. मित्रासाठी मरणाऱ्यांची साखळी, आणि तिची शेवटची कडी ऐकणाऱ्याच्या हातात. असल्या आमिषाला लोभी माणूस लागत नाही, भित्रा लागत नाही. भित्रा उलट्या पावली पळाला असता.

राक्षस आधी तलवार उपसतो. दोरवाला सांगतो, शस्त्र घेऊन कुणी अनोळखी दिसला की जल्लाद कैद्याला लगेच मारतात. शकटदास पळवला गेला तेव्हा आधीच्या जल्लादांनाच प्राण गमवावे लागले, तेव्हापासून हे सावध आहेत. मग राक्षस विचार करतो, आणि तो विचार रीतसर आहे. तलवारीची ही वेळ नाही. नीतीचा डाव टाकावा तर त्याला फळ यायला वेळ लागतो आणि वेळ नाही. गप्प बसावं तर तेही शक्य नाही, कारण मित्र माझ्यापायी मरतोय. उरला एकच उपाय, त्याच्या बदल्यात स्वतःचं शरीर. चार पर्याय, तीन कारणासहित बाद, चौथा पत्करलेला. याला भावनेचा भर म्हणायचं असेल तर हिशेब कशाला म्हणतात ते सांगावं. भर दिसतो तो दुसरीकडे. पाचव्या अंकात मलयकेतू एका पत्राच्या जोरावर आपल्याच पाच मित्रराजांना ठार मारायला सांगतो आणि आपल्या बाजूच्या एकमेव शहाण्या माणसाला घालवून देतो. कुणावर विश्वास ठेवू नये हा धडा मलयकेतूने पाळला. लढाई न होता तो कैद झाला. मित्र ठेवला की माणूस पकडला जातो म्हणणाऱ्यांनी त्याचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलेलं नाही.

राहिला 'लटका त्याग' हा आक्षेप. तो मला मुळातच कळत नाही. जल्लाद खोटे होते हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. सूळ खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याच्या दृष्टीने ती शेवटचीच वाट होती.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. चंदनदास स्वतः मरायला मोकळा; पण बायको-मुलाला त्याने कुठल्या हक्काने पणाला लावलं? हा प्रश्न आजच्या वाचकाला पडायलाच हवा. विशाखदत्तालाही तो पडला असावा. एरवी या नाटकात संसारी बाई दिसत नाही, प्रस्तावनेतली नटी आणि दारावरच्या प्रतिहारी सोडल्या तर स्त्रियाच नाहीत. सातव्या अंकात मात्र तो चंदनदासाच्या बायकोला, मुलाचं बोट धरून, थेट वध्यभूमीवर आणतो. चंदनदास तिला सांगतो की मी गुन्ह्यासाठी नाही, मित्रासाठी मरतोय, रडू नकोस. ती रडते, त्याच्याबरोबर मरायचं म्हणते. मुलगा विचारतो, तुमच्यामागे मी काय करू? बाप म्हणतो, जिथे चाणक्य नसेल अशा गावी राहा. (संस्कृत नाटकातला इतका कडवट विनोद मला दुसरा आठवत नाही.) त्या बाईला नाटककाराने नावसुद्धा दिलेलं नाही, आणि तिला आधी कुणी विचारलं होतं असंही कुठे दिसत नाही. ही उणीव मी झाकणार नाही.

पण 'मित्र की कुटुंब' अशी निवड चंदनदासापुढे होती, हे म्हणणं चुकीचं आहे. राक्षस तर सुरक्षित होता, शहराबाहेर. घरात होती ती त्याची बायको आणि दाराबाहेर डोकावणारं ते पाच वर्षांचं पोर. एका बाईला आणि एका पोराला चाणक्याच्या हवाली करून आपली बाई आणि आपलं पोर वाचवायचं, असा तो सौदा होता. आपलं ते बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं या न्यायाने तो सहज पटण्यासारखा आहे. चंदनदासाला पटला नाही.

पुढे जे होतं त्याची या थोर टीकाकारांनी दखलच घेतलेली दिसत नाही. राक्षस बिनहत्यारी येतो, मला मारा म्हणतो. आणि चंदनदास खूश होत नाही. त्याला वाईट वाटतं. हे काय केलंत, माझे सगळे कष्ट पाण्यात घातलेत, असं तो म्हणतो. वाचवलेला माणूस वाचवणाऱ्यावर रुसतो! राक्षस त्यावर एवढंच म्हणतो, की तुमच्या वागण्यातला एक छोटा अंश मी गिरवला. अमात्य सराफाचा कित्ता गिरवतोय, आणि ते उघडपणे सांगतोय.

यानंतर चाणक्य येतो, राक्षसाला नमस्कार करतो आणि त्याच्यापुढे अमात्यपदाची तलवार धरतो. ती घेतल्याशिवाय चंदनदासाचा जीव वाचणार नाही, असंही स्पष्ट सांगतो. यावर हल्ली एक चुरचुरीत शेरा ऐकू येतो: म्हणजे शेवटी राक्षसानेही पक्षांतरच केलं की, मंत्रिपद घेऊन. आपल्याकडे पक्षांतरं इतकी पाहण्यात आहेत की दुसरं काही सुचत नसावं. राक्षस मंत्रिपद मागायला आला नव्हता, मरायला आला होता. मरणं त्याला सोपं गेलं असतं. नंदांचा निष्ठावंत म्हणून नाव राहिलं असतं. चाणक्याने नेमकं तेच काढून घेतलं. मेलेल्या धन्याचा सूड, आयुष्यभराची निष्ठा, मागे राहणारं नाव, हे सारं त्याला मित्राच्या जिवासाठी खाली ठेवावं लागलं, आणि तेही चारचौघांत, मानाची तलवार हातात घेऊन. नंदांची माया अजून काळजाला भिडते आहे, असं तो स्वतःशी म्हणतो. मग माणसाला काहीही करायला लावणाऱ्या मित्रप्रेमाला नमस्कार करतो आणि तलवार घेतो. चंदनदास जीव द्यायला निघाला होता. राक्षसाला त्याहून महाग पडलं.

आणि ज्याच्या नावाने हे सुविचार फिरतात त्या चाणक्याने काय मिळवलं? त्याने आपलीच जागा रिकामी केली आणि ती शत्रूला दिली. का, याचं कारण पहिल्याच अंकात आहे: धनी वैभवात असताना सगळेच सेवा करतात, तो संपल्यावरही काही मिळण्याची आशा नसताना त्याचं काम चालवणारा राक्षसासारखा माणूस विरळा. चंद्रगुप्ताला असा अमात्य हवा होता. फोडता येणारी माणसं चाणक्याकडे ढिगाने होती.

राक्षसाची अमात्य म्हणून पहिली मागणी काय आहे, तेही पाहा. बांधून आणलेल्या मलयकेतूचा निकाल काय लावायचा, हे चाणक्य त्याच्यावर सोपवतो. याच मलयकेतूने त्याच्यावर आळ घेऊन त्याला हाकललं होतं. राक्षस म्हणतो, मी काही काळ याच्याकडे राहिलो आहे, याचा जीव वाचवा. चाणक्य चंद्रगुप्ताला सांगतो, अमात्यांची ही पहिली विनंती आहे, मोडायची नाही. मलयकेतूला त्याच्या वडिलांचं राज्य परत मिळतं, चंदनदास साऱ्या नगरांचा श्रेष्ठी होतो, चाणक्य शेंडी बांधतो.

तेव्हा, चाणक्याचा दाखला द्यायचाच असेल तर पहिल्या अंकातल्या त्या भेटीपासून शेवटच्या शेंडीपर्यंत पुरता द्या. मधलाच तुकडा तोडून मैत्रीविरुद्ध त्याची साक्ष काढू नका. या खटल्यात तो दुसऱ्या बाजूचा साक्षीदार आहे.